फुकटचा प्रोग्राम आणि झागोर्काचा व्हॉल्व्ह

झागोर्का कधी काही फुकट घेत नसे. सुपरमार्केटच्या दारात लाल टोपीतली मुलगी काडीला टोचलेला चीजचा तुकडा पुढे करायची. झागोर्का आधी मुलीकडे बघायची, मग चीजकडे, आणि मग पर्स छातीशी धरून बाजूने निघून जायची. बँकेने दिलेलं कॅलेंडर तिने घरात कधी लावलं नाही. शेजारच्या रोसांदाने ताटलीभर खसखशीचा श्त्रुडल, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली गोड पोळी, पाठवला, तर दुसऱ्या दिवशी ताटली परत जाताना तिच्यात अक्रोड असायचे, नाहीतर घरच्या आय्वारची, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, बाटली. ताटली रिकामी तर आमच्याकडे कोणीच परत पाठवत नाही. पण झागोर्का ताटली हातात घेतानाच परत काय द्यायचं त्याचा विचार सुरू करायची, आणि ते सुचेपर्यंत श्त्रुडलला हात लावायची नाही.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. तरुणपणी ती मोरावा नदीकाठच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या दालनात कामाला होती. अर्ध्या देशाच्या बॉयलरांवर तिथले व्हॉल्व्ह बसलेले असत, आणि त्यातल्या तीन तोंडांच्या व्हॉल्व्हचं चित्र तिने इतक्या वेळा काढलं होतं की बोलता बोलता पेन्सिल कागदावर तेच काढून मोकळी व्हायची. मग एके दिवशी कामगारांना कारखान्याचे शेअर वाटले गेले. फुकट. सही करा आणि मालक व्हा. दालनात कोणीतरी प्लमची दारू आणली, झागोर्काने सगळ्यांसाठी कॉफी केली, आणि मालक झालेल्या त्या सगळ्यांनी एकमेकांचे गाल चुंबले. पुढे एक हसतमुख माणूस आला, त्याने ते शेअर मातीमोल भावात गोळा केले, यंत्रं भंगारात घातली आणि दालनाला कुलूप लावलं. तेव्हापासून 'फुकट' हा शब्द ऐकला की ती पर्स छातीशी धरायची.

नंतर तिला शहराच्या तापगृहात काम मिळालं. मोठ्या बॉयलरांवर पाणी तापवून अख्ख्या शहराच्या घराघरांतले रेडिएटर गरम ठेवायचे, हे त्या तापगृहाचं काम. पाइपांचे नकाशे आणि बॉयलर चालू करायच्या क्रमाचे तक्ते काढायचे, हे झागोर्काचं. चौकोनात कृती लिहायची, शंकरपाळ्याच्या आकारात प्रश्न, आणि प्रश्नातून 'हो' आणि 'नाही' असे दोन बाण काढायचे. दाब पुरेसा आहे का? हो, तर पुढे जा. नाही, तर मागे फिर. हे तिच्या स्वभावाला फार मानवायचं. तिचं म्हणणं होतं की माणसांच्या गळ्यातही असा एकेक शंकरपाळा अडकवायला हवा.

हे तक्ते ती ज्या प्रोग्रामवर काढायची तो चोरीचा होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, शहरात सगळ्यांचेच प्रोग्राम चोरीचे होते. जुन्या बाजारात गाडीच्या टपावर डिस्क मांडून बसणाऱ्या चेडाकडून तिने तो घेतला होता, आणि घेताना त्याचा फोन नंबर डिस्कवर लिहून घेतला होता, बिघडला तर पकडायला बरा म्हणून. तिचा हिशेब सरळ होता. वस्तू महागाची आहे म्हणजे चांगली असणार. चोरलेली आहे म्हणजे कोणाला तरी चोरावीशी वाटली. आणि चोर ओळखीचा आहे. पंधराएक वर्षं त्या प्रोग्रामने तिला दगा दिला नव्हता.

त्या सप्टेंबरात करखात्याची माणसं कचेऱ्यांमधून फिरून संगणकावरचे प्रोग्राम तपासू लागली, आणि डायरेक्टर वेलिबोर घाबरला. एका दुपारी त्याने झागोर्काचा प्रोग्राम स्वतः समोर उभं राहून पुसायला लावला. त्याच सुमारास नवा बॉयलर बसला होता. हंगाम सुरू व्हायच्या आत त्याचा तक्ता भिंतीवर लागला नसता, तर तपासनीस बॉयलर पेटवूच देणार नव्हता. नवा प्रोग्राम विकत घ्यायला तापगृहाकडे पैसे नव्हते. मग वेलिबोरने खाकरून सांगितलं की काही सोय झाली नाही तर हे काम माझ्या कुमकडे देऊ, त्याच्या कंपनीत प्रोग्रामही आहे आणि काढणारा माणूसही.

कुम म्हणजे वेलिबोरच्या लग्नातला साक्षीदार आणि त्याच्या मुलीचा धर्मपिता. कुमला नाही म्हणणं आमच्याकडे सख्ख्या भावाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड. झागोर्काला सगळं लख्ख दिसलं. काम एकदा कुमकडे गेलं की ते परत येणार नव्हतं, आणि पेन्शनला थोडी वर्षं उरलेली असताना तिला एखादा फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं जाणार होतं. एक कारखाना तिच्या डोळ्यांसमोर गेला होता. आता ही खुर्चीही जाणार.

तेव्हा यासेंका म्हणाली, "झागामावशी, फुकटचे प्रोग्राम आहेत की. चांगले आहेत. आपण निवडू."

यासेंका नवी इंजिनीअर, उत्तरेकडून सुबोतित्साहून आलेली, पस्तिशीची. वागायला शांत. पण कचेरीत सगळे कॉफी पीत असताना ती चहा प्यायची. आमच्याकडे माणूस चहा पितो तो तापात, नाहीतर पोट बिघडल्यावर. धडधाकट बाई रोज सकाळी चहा पिते यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं झागोर्काने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. आणि आता हीच बाई तिला फुकटचं काहीतरी देऊ करत होती.

"फुकट कोण देतो, पोरी?" झागोर्काने विचारलं.

"लोक मिळून बनवतात. जगभरातले. मोकळा वेळ मिळाला की."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"काही नाही."

झागोर्काने मान हलवली. हे उत्तर तिने शेअर वाटले तेव्हाही ऐकलेलं होतं.

तरी बघायला तर हवंच होतं, कारण दुसऱ्या बाजूला कुम बसला होता. यासेंकाने तीन प्रोग्राम दाखवले. पहिला थेट इंटरनेटवर चालायचा. काढलेलं चित्र कुठे राहतं, असं झागोर्काने विचारलं. यासेंका म्हणाली, दूरच्या मोठ्या संगणकांवर. कोणाच्या? कंपनीच्या. त्या कंपनीचं दार कुठे आहे, ठोठावायचं झालं तर? यासेंकाला सांगता येईना. दुसरा प्रोग्राम आधी नाव मागायचा, मग जन्मतारीख, मग फोन नंबर. झागोर्काने तिथे रोसांदाच्या मेलेल्या नवऱ्याची जन्मतारीख घातली आणि फोन नंबर चेडाचा दिला. तिसरा एकदा उतरवून घेतला की आपल्याच संगणकात राहायचा, आणि इंटरनेट नसलं तरी चालायचा. यासेंकाला तोच पसंत होता, म्हणून झागोर्काला त्याचाच सगळ्यात जास्त संशय आला.

तिने परीक्षा घ्यायची ठरवलं, आणि तिच्या बिल्डिंगमध्ये बायका जशी घेतात तशीच घेतली. कोण चुगल्या करतं हे कळत नसेल, तर प्रत्येकीला वेगळी थाप सांगायची आणि कुठली थाप फिरून आपल्या कानावर येते ते बघत बसायचं. या युक्तीने झागोर्काने जिन्यावरच्या दोघी पकडल्या होत्या. प्रोग्रामांनाही तिने तेच लावलं. पहिल्यात तिने तक्ता काढला की रेल्वे रस्त्याचं गरम पाणी बंद होणार. दुसऱ्यात काढलं की डायरेक्टरची बदली होणार. तिसऱ्याला तिने सगळ्यात गोड थाप दिली. तापगृहाचं जुनं, बंद पडलेलं धुराडं, ज्यावर दर वसंतात करकोचे घरटं करतात, ते पाडणार. सुंदर तक्ता झाला. घरट्यात पिल्लं आहेत का, असा शंकरपाळासुद्धा तिने घातला. आणि हा तिसरा काढताना तिने संगणकामागची इंटरनेटची वायर स्वतःच्या हाताने उपटली आणि गुंडाळून पर्समध्ये ठेवली. बघूया आता कशी चुगली करतो.

मग ती थांबली. बाजारात कान टवकारून फिरली. रेल्वे रस्त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. वेलिबोरच्या बदलीबद्दलही नाही, आणि ती बातमी तर शहराने हाताने झेलली असती. झागोर्काला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आणि मग एका सकाळी मिरच्यांच्या पोत्यांच्या रांगेत रोसांदाने तिचा दंड धरला. "झागे, धुराडं पाडताय म्हणे? करकोच्यांनी कुठे जायचं? पेन्शनरांच्या क्लबात सह्या गोळा करायला लागलेत, आमच्या म्हाताऱ्यांना तर रात्री झोप नाही. नोव्हेंबरात मित्रोव्दानचा सण झाला की पाडणार म्हणतात."

झागोर्काला इतका आनंद झाला की ती मिरच्यांचं पोतं तिथेच टाकून कचेरीत आली. यासेंकाच्या टेबलापुढे उभी राहून तिने मन मोकळं केलं. तुझा लाडका प्रोग्राम, इंजिनीअरबाई, तोच चुगलखोर निघाला. बाकीचे दोन तरी गप्प बसले. यांना काही मिळत नाही म्हणालीस ना? हे मिळतं. आपलं पोटातलं सगळं काढून नेतात आणि बाजारात मांडतात.

यासेंकाने चहाचा कप खाली ठेवला. ती रागावलेली दिसत नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं. "मावशी, तो काढताना इंटरनेट चालू होतं का?"

"कसं असेल? वायर माझ्या पर्समध्ये होती."

हे बोलताना झागोर्काचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. वायरच नव्हती तर प्रोग्रामने बातमी बाहेर नेली कशातून? आणि मित्रोव्दान कुठून आला? तक्त्यात तिने सण लिहिला नव्हता. तारीखच लिहिली नव्हती.

ती आपल्या खोलीत जाऊन बसली. खिडकीच्या कट्ट्यावर जेझ्वा, म्हणजे कॉफी उकळायचं लांब दांड्याचं भांडं, होता, आणि शेजारी दोन छोटे कप, कारण तिच्याकडे कॉफीला सदैव कोणीतरी असायचंच. आमच्या कचेऱ्यांत काम कॉफीच्या मधल्या वेळात होतं. त्या दिवशी कोण होतं? मीटर तपासणारा बुदिमिर. पहिले दोन तक्ते काढले तेव्हा तो रजेवर, घरी अंगणात मिरच्या भाजत होता. तिसऱ्याच्या दिवशी परत आला, तिच्या मागे उभा राहून फुंकर मारत कॉफी प्यायला, आणि संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाला, "कधी पाडताय गं, झागे?" आणि तिने त्याला वाटेला लावायला म्हटलं होतं, "मित्रोव्दाननंतर."

जगभरातल्या अनोळखी लोकांवर तिने डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला होता, आणि चुगलखोराला साखर किती टाकू म्हणून विचारत होती.

गंमत इथवर ठीक होती. पण सह्यांचा कागद वेलिबोरच्या टेबलावर पोचला आणि त्याने सगळ्यांना खोलीत बोलावलं. कुम आधीच येऊन बसला होता, पायावर पाय टाकून, पुढ्यात डायरेक्टरच्या खाजगी कपाटातला कॉन्यॅक. वेलिबोर लाल झाला होता. महापौरांचा फोन आला होता, दोनदा. कचेरीतून खोट्या बातम्या बाहेर जातात म्हणजे काय? आणि त्याची नजर फिरत फिरत यासेंकावर थांबली. परगावची, एकटी, आणि परक्या प्रोग्रामांची आवड असलेली. कुम हळूच म्हणाला की म्हणूनच असली कामं घरच्या माणसांकडे द्यावीत.

यासेंका टेबलावरच्या सह्यांच्या कागदाकडे बघत होती. तिने झागोर्काकडे बघितलंही नाही, आणि झागोर्काला तेच सहन झालं नाही. नुसतं गप्प राहिलं असतं तर पुरलं असतं. चहा पिणारी बाई गेली असती, आणि ती कशी आली नि कशी गेली हे पंधरा दिवसांत कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. झागोर्काने तेवढ्या वेळात हा हिशेब खरोखर करून बघितला. तिला तो नीट बसला, आणि त्याची किळस आली. कारखान्यात शेअर गोळा करायला तो हसतमुख माणूस आला होता, तेव्हा ज्यांना आधीच सगळं कळलं होतं ते असेच गप्प बसले होते.

"धुराडं मी पाडलं," ती म्हणाली. "तक्ता माझा. प्रोग्राम खरा की खोटा बघायला काढला होता. बाहेर नेला बुदिमिरने, माझीच कॉफी पिऊन."

बुदिमिरने दाराकडे बघितलं.

झागोर्का एवढ्यावर थांबली नाही. हातातली सुरळी तिने टेबलावर उलगडली, कॉन्यॅकच्या पेल्यावरून. नव्या बॉयलरचा तक्ता होता तो. बुदिमिरची चोरी पकडल्यानंतरचे सगळे दिवस ती आणि यासेंका दार लावून, कॉफी बंद करून, तिसऱ्या प्रोग्रामवर तोच काढत बसल्या होत्या. झागोर्का क्रम सांगायची आणि यासेंका दाबाचे आकडे तपासायची. दोन ठिकाणी झागोर्काचा बाण चुकला होता, तो यासेंकाने पकडला.

बॉयलरवरच्या मुख्य मिस्त्रीला बोलावलं. त्याने चष्मा लावून बोटाने एकेक बाण पुसल्यासारखा वाचला आणि म्हणाला, याच्यावर मी बॉयलर पेटवतो.

कुमने विचारलं, कशावर काढलंय हे?

"फुकटच्या प्रोग्रामवर," झागोर्का म्हणाली.

कुम हसला. "फुकटच्यावर अख्ख्या शहराची थंडी सोपवणार?"

महिन्यापूर्वी तिनेही हेच म्हटलं असतं. दुसऱ्याच्या तोंडून ते फार वाईट ऐकू आलं. वेलिबोरने एकदा कुमकडे बघितलं, एकदा सह्यांच्या कागदाकडे. दाराबाहेर अख्खं शहर कान लावून बसलेलं असताना कुमला काम देणं आता महागात पडलं असतं. त्याने खिशातून पेन काढून तक्त्यावर सही केली. कुमने कॉन्यॅक संपवला, आणि जाताना झागोर्काला फार अदबीने नमस्कार केला.

ठरलेल्या दिवशी बॉयलर पेटला. संध्याकाळी घराघरांत पाइप वाजू लागले, आणि बायकांनी रेडिएटरला हात लावून बघितला. झागोर्काची खुर्ची राहिली. पण तिला चैन पडेना. ती दोन दिवस कचेरीत नुसती येरझाऱ्या घालत होती, आणि तिसऱ्या दिवशी यासेंकापुढे येऊन बसली.

"ताटली कोणाकडे परत द्यायची?"

यासेंकाला कळलं नाही.

"खाल्लं आपण. ज्यांनी पाठवलं त्यांचं दार कुठे आहे? हे माझ्या गळ्याशी आलंय, पोरी. काही न देता मी हे वापरू शकत नाही. उद्या येतील आणि सगळं घेऊन जातील."

यासेंका आधी म्हणाली की तसं काही नसतं, कोणी मागत नाही. मग झागोर्काचा चेहरा बघून ती थांबली आणि विचारात पडली. तक्ता काढताना तुम्हाला काय कमी पडलं, असं तिने विचारलं. झागोर्काला त्यासाठी विचारही करावा लागला नाही. प्रोग्राममध्ये तऱ्हेतऱ्हेच्या व्हॉल्व्हांची चिन्हं होती, पण तीन तोंडांचा, हातचाकाचा, त्यांच्या कारखान्याचा व्हॉल्व्ह नव्हता. नव्या बॉयलरच्या शेजारी अजून तोच बसलेला आहे. तक्त्यात तिने तो रेघांनी कसाबसा जुळवला होता.

"मग तो काढा आणि पाठवा," यासेंका म्हणाली. "आवडला तर ते आत घालतात. मग जो कोणी उतरवून घेईल त्याला मिळतो."

"फुकट?"

"फुकट."

झागोर्काने पर्समधून गुंडाळलेली वायर काढली. मग तिने ती संगणकाला लावली. स्वतःच्या हाताने.

व्हॉल्व्ह काढायला तिला दुपार पुरली. हात आठवून आठवून चालत होता. पत्र यासेंकाने लिहून दिलं. हिवाळा मध्यावर आला तेव्हा उत्तर आलं. कोणीतरी पोर्तुगालमधून लिहिलं होतं की चिन्ह फार नीट काढलं आहे, आम्ही ते घेत आहोत, याला नाव काय द्यावं? यासेंका म्हणाली, तुमचं द्या. झागोर्काने कारखान्याचं नाव टाईप केलं. हळूहळू, एकेक अक्षर बघून. मग खुर्चीतच मागे रेलून तिने चष्मा काढला, आणि यासेंका खिडकीबाहेर बघत राहिली.

"आम्हाला शेअर दिले ना," झागोर्का जरा वेळाने म्हणाली, "तेव्हा आम्ही काय परत देऊ, असं मी विचारलंच नव्हतं. विचारायला पाहिजे होतं. कोणाकडे द्यायचं तेच कोणाला सांगता आलं नसतं."

पुढच्या आवृत्तीत तो व्हॉल्व्ह आला. बॉयलरच्या चिन्हांच्या रांगेत, शेवटून दुसरा. झागोर्का रोज सकाळी प्रोग्राम उघडून एकदा त्याच्याकडे बघते, जागेवर आहे ना म्हणून. विश्वास तिने अजूनही ठेवलेला नाही. फक्त आता तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर जेझ्व्याशेजारी चहाची एक किटली असते, आणि बुदिमिर आला की ती संगणकाचा पडदा बंद करते.